ट्रंकेत सापडलेली मतदार यादी

येरळाकाठ | रविवार, रात्री ९:१०

दिवाळीची साफसफाई चालली होती. आईनं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. वर वडिलांचा स्वेटर, त्याखाली सोसायटीची जुनी पासबुकं आणि तळाला खताच्या पिशवीत गुंडाळलेली आमच्या प्रभाग दोनची मतदार यादी. डिसेंबर २०२२ च्या ग्रामपंचायतीची. प्रत्येक नावापुढं माझ्या हातची पेन्सिलीची खूण. बरोबर म्हणजे आपलं. फुली म्हणजे त्यांचं. गोल म्हणजे माणूस पुण्या-मुंबईला नाहीतर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला परमुलखात. प्रश्नचिन्ह म्हणजे घरी जाऊन बसायचं.

गाव तासगाव तालुक्यातलं, द्राक्षाचं. नाव लिहीत नाही, आधीच भांडणं काय कमी आहेत? वस्ती दीड हजाराच्या आत, म्हणून सदस्य सात. प्रभाग तीन, एकात तीन जागा आणि बाकी दोन्हीत दोन दोन. वर थेट सरपंच. म्हणजे आमच्या प्रभागातल्या माणसानं तीन बटणं दाबायची. त्या वेळी, १८ डिसेंबरच्या मतदानासाठी, राज्यात ७,७५१ ग्रामपंचायतींची निवडणूक जाहीर झाली होती. आमची त्यातली एक.

तालुक्यात आबा गट, काका गट म्हणतात, पेपरातही तसंच छापून येतं. पण गावात त्याच्या कितीतरी आधीपासून वरची आळी आणि खालची आळी आहे. भांडण सुरू झालं ते आजोबांच्या वेळी एका विहिरीच्या पाळीवरून. त्या विहिरीत आता बाभळी उगवल्यात, गट शाबूत आहेत.

यादी भरायला महिना लागला. रोज रात्री गोठ्याशेजारच्या खोलीत आम्ही चौघं बसायचो. एकानं नाव वाचायचं, बाकीच्यांनी सांगायचं. पुरावा काय? तर कुणाच्या वास्तुशांतीला कोण वाढायला उभं होतं, कोण कुठल्या दुकानात उधारी लावतं, कुणाच्या मालाला कुणी व्यापारी गाठून दिला, कुणाच्या मयताला कोण खांदा द्यायला पुढं झालं. महिनाभरात मोदी, पवार, ठाकरे यांतलं एक नाव त्या खोलीत निघालं नाही.

प्रभाग दोनमध्ये आमच्या सरपंचाच्या उमेदवाराला १६८ पडतील असा हिशेब होता. पडली १६५. मोजणी प्रभागवार होते, त्यामुळं आकडा झाकून राहत नाही. एकूण गावात आमचा माणूस नऊ मतांनी पडला. मग 'ती तीन कोण' याचा शोध सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी नावं सापडली. म्हणजे सापडली असं ठरलं. त्यातल्या एका घराला आमच्या माणसानं ऐन फवारणीच्या दिवसांत ब्लोअर द्यायचं बंद केलं.

कुणी मशीनमागं डोकावलं नव्हतं, कुणाला शपथ घातली नव्हती. नुसती वजाबाकी. ब्लोअर बंद करा असं मी म्हणालो नव्हतो, पण त्या घरावरची बरोबरची खूण माझी होती.

तुमच्याकडं कसं चालतं ते सांगा. आणि एक जुनी शंका: सदस्य आमचे चार आले, त्यांचे तीन. तरी उपसरपंच त्यांचा झाला. त्या दिवशी कुणीतरी 'कायदा आहे' म्हणालं आणि आम्ही गप्प घरी आलो. कुठला कायदा?

मिरजेचा_मास्तर | रविवार, रात्री १०:०२

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा माणूस. लोकसभेपासून सोसायटीपर्यंत बऱ्याच निवडणुकांना ड्यूटी केली. सगळ्यात घाम काढते ती ग्रामपंचायत. विधानसभेला बूथवर हजारभर नावं असतात आणि एजंट डुलक्या काढतात. ग्रामपंचायतीला तीनशे नावं असतात आणि एजंटाला तिन्हीशे चेहरे पाठ. माणूस दारात दिसला की मी यादीत नाव शोधेपर्यंत तिकडून अनुक्रमांक सांगून मोकळे.

मशीनचं सांगतो. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी आणि रंगही वेगळा. सर्वसाधारण जागेची पांढरी, ओबीसींची पिवळसर, अनुसूचित जातीची गुलाबी, जमातीची हिरवट आणि सरपंचाची फिकट निळी. सगळ्या जागांची बटणं दाबल्याशिवाय लांब शिट्टी वाजत नाही. इथंच घोळ. एका गावात एक आजी आत गेल्या, एक बटण दाबलं आणि बाहेर आल्या. म्हटलं, "आजी, अजून दोन राहिली." आजी म्हणाल्या, "मला एकाचंच सांगितलंय." दोन्हीकडचे एजंट ताडकन उभे. कुणी सांगितलंय ते दोघांनाही कळलं होतं, हे त्यांच्या तोंडावरनं मलाही कळलं. शेवटी आजींना परत आत पाठवलं. नको असतील तर 'नोटा'चं बटण दाबा म्हणालो. "त्यो कोण?" म्हणाल्या.

दुसरा प्रकार सोबत्याचा. दिसत नाही किंवा हात चालत नाही अशा मतदाराला सोबती नेता येतो. सोबती अठरा वर्षांवरचा हवा आणि त्यानं एकाच मतदाराला सोबत करायची, असा नियम. मतदानादिवशी गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची नजर एकदम अधू होते. सकाळी जी आजी विळीवर कांदा चिरत होती, तिला साडेनऊला बटण दिसत नाही.

कोयनाकाठी | रविवार, रात्री १०:४०

पाटण तालुक्यातून. आमच्या यादीत तुमच्या त्या 'गोल' खुणाच जास्त निघतील. निम्मं गाव मुंबईला, माथाडीत नाहीतर मार्केटात. त्यामुळं आमची निवडणूक ठरते कुठं, तर कोपरखैरण्याच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर. मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या सुटतात. एका पॅनलची गाडी, दुसऱ्या पॅनलची गाडी. त्या गाडीत बसला की खूण आपोआप पडली. पोरं हुशार झालीत. येताना एका गाडीनं येतात, परतीला दुसरीनं जातात.

बिनविरोधचाही अनुभव लिहितो. आमची एक निवडणूक बिनविरोध झाली. देवळात बैठक झाली, नारळ ठेवला, सगळ्यांनी हात वर केले. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल काय एकी! आत काय होतं ते आत बसलेल्यांना माहीत. ज्यांची चार घरं, त्यांनी हात खाली ठेवून जायचं कुठं? अर्ज भरू का म्हणून विचारलेल्या एकाला "तुला गावात राहायचं नाही का" एवढंच ऐकवलं गेलं, तेही हसत हसत. बिनविरोध जागेला मतदानच होत नाही, मग नोटा तरी कुठं दाबणार?

आणि बोली लावून बिनविरोध करायची तऱ्हा तर सगळ्यांना आठवत असेल. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये रद्दच केली होती. पदांचा जाहीर लिलाव झाला होता. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी म्हणायचं आणि बोली बोलायची.

माणदेशी_मेंढरू | रविवार, रात्री ११:१५

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. निकालादिवशी संध्याकाळी टीव्हीवर प्रत्येक पक्ष 'आमच्या एवढ्या आल्या' म्हणून आकडा सांगतो. कधी सगळ्यांची बेरीज करून बघा. महाराष्ट्रात आहेत त्यापेक्षा जास्त ग्रामपंचायती निघतात. आमच्या सरपंचाचे तर एकाच दिवशी दोन नेत्यांबरोबर सत्काराचे फोटो आलेत. शाल तीच.

आकडेमोड | रविवार, रात्री ११:३१

नोटाचा विषय निघालाच आहे तर: विधानसभेला नोटा नुसता शोभेचा, स्थानिक निवडणुकीत तसा नाही. राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की नोटाला काल्पनिक उमेदवार धरायचं, आणि त्यालाच सगळ्यांत जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. पुन्हाही नोटाच पुढं राहिला तर मात्र त्याच्या खालचा उमेदवार निवडून आला. तीनशे मतांच्या प्रभागात हे अवघड नाही. दोन्ही आळ्यांना कंटाळलेली शंभरेक माणसं जमवा.

येरळाकाठ | रविवार, रात्री ११:४८

@आकडेमोड, शंभर माणसं जमली तर ती तिसरं पॅनल काढतील. आपल्याकडं माणूस नोटाला जमतो का?

निवृत्त_सेवक | सोमवार, सकाळी ६:५५

तीस वर्षं ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नाव मोठं झालं, दप्तर तेच. तुमच्या शंकेचं उत्तर देतो.

पूर्वी सदस्य आपल्यातून सरपंच निवडायचे. २०१७ ला थेट सरपंच आला, २०२० ला परत सदस्यांतून, २०२२ ला परत थेट. त्यामुळं जानेवारी २०२१ ला ज्या १४,२३४ ग्रामपंचायती झाल्या त्यांचं गणित वेगळं आणि तुमचं वेगळं. त्यांच्यात तर आरक्षणाची सोडतच मतदानानंतर निघाली. पॅनल पाच जागांनी जिंकलं आणि सरपंचपद ज्या प्रवर्गाला सुटलं त्याचा माणूस हरलेल्या पॅनलमध्ये, असेही प्रकार झाले. गुलाल एकाच्या डोक्याला, खुर्ची दुसऱ्याला.

आता तुमचं. थेट निवडून आलेला सरपंच हा पंचायतीचा सदस्यही धरला जातो. तुमचे सात आणि तो आठवा. उपसरपंचाची निवड पहिल्या सभेत होते, अध्यक्ष तोच. तुमची चार मतं. त्यांची तीन आणि सरपंचाचं सदस्य म्हणून एक, झाली चार. समसमान झालं की अध्यक्ष म्हणून त्याचं निर्णायक मत. एका माणसाची दोन मतं, आणि उपसरपंच त्यांचा. ज्यांनी 'कायदा आहे' म्हटलं ते खरं बोलले, समजावून सांगायचे कष्ट तेवढे घेतले नाहीत.

अविश्वास आणू म्हणाल तर तेही सांगतो. थेट सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. पुढं तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि ते जमले तरी ग्रामसभेत गुप्त मतदान घेऊन गावानं ते मान्य करायला लागतं. आठाचे तीन चतुर्थांश सहा. तुमचे चार. म्हणजे पाच वर्षं एकमेकांची तोंडं बघत बसायचं.

लोक विचारतात, एवढं कशासाठी? दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात सरपंचाचं मानधन महिन्याला तीन हजार होतं, सप्टेंबर २०२४ ला सहा हजार झालं. एवढ्यासाठी कुणी भांडत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतले ८० टक्के ग्रामपंचायतीला आले, त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा, आणि तो खर्चायला सरपंचाची सही लागते. हे एक. दुसरं वरचं. बाजार समितीत १८ संचालक, त्यातले ११ सोसायट्यांचे संचालक निवडतात आणि ४ ग्रामपंचायतींचे सदस्य. जिल्हा बँकेला तर सोसायटीनं ज्याच्या नावचा ठराव केला तो एक माणूस मतदार. तुमच्या प्रभागातली तीनशे मतं जिंकून जो सदस्य होतो, तो तालुक्याच्या नेत्यासाठी एक मत असतो. त्या निवडणुका जवळ आल्या की हेच सदस्य कोकणात सहलीला जातात आणि फोन लागत नाहीत.

खर्चाचंही सांगून ठेवतो. तुमच्या २०२२ च्या निवडणुकीला सात सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला खर्चाची मर्यादा २५ हजार होती, थेट सरपंचाला ५० हजार. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, नाही दिला तर अपात्र. मी कितीतरी हिशेब घेतले. कुणाच्याही हिशेबात कधी कोंबडी आली नाही.

विट्याची_सून | सोमवार, दुपारी २:२०

कामं आवरून वाचलं. सगळे पुरुष, सगळ्यांना गणित येतं.

मी एक पंचवार्षिक सदस्य होते. बायकांना निम्म्या जागा २०११ पासून आल्या, आमच्या प्रभागातली जागा महिलेला निघाली आणि घरात 'आता कुणाला उभं करायचं' अशी चर्चा झाली. चर्चेत मी नव्हते, चहा देत होते. पहिले सहा महिने सभेला माझ्या जागी दीरच बसायचे. एकदा ग्रामसेवकांनी सांगितलं की वहिनी आल्याशिवाय सही घेणार नाही, तेव्हापासून जायला लागले. नंतर मला घरी बसवणं त्यांना जमलं नाही, हा भाग वेगळा.

@येरळाकाठ, मला तुमच्या यादीबद्दल विचारायचंय. बायकांच्या नावापुढं खूण कशी केली? नवऱ्याला जी केली तीच खाली खाली ओढली ना? आमच्याकडंही तसंच. तुम्ही घराला खूण करता, माणसाला नाही. आणि बटणं तीन असतात. आमच्या वेळी कपबशी एका पॅनलची होती आणि छत्री दुसऱ्याची. दोन्हीकडून दारात डमी मतपत्रिका यायच्या, 'फक्त यांच्यापुढचं बटण दाबा' म्हणून. रांगेत उभ्या असलेल्या आम्ही बायकांनी एकमेकींशी एक अक्षर न बोलता ठरवलं की सरपंचाला इकडं आणि सदस्याला तिकडं. कारण सरपंचपदाची बाई आमच्या माहेरच्या गावची, आणि सदस्यातली एक माझ्या बाळंतपणात आठ दिवस डबा देणारी. निकाल लागल्यावर पुरुष मंडळी पंधरा दिवस कागद घेऊन बसली होती. 'क्रॉस कुणी केलं?' आम्ही भाकऱ्या थापत होतो.

तुमचा सरपंच पडला आणि सदस्य आले. मला यात कोडं दिसत नाही.

मिरजेचा_मास्तर | सोमवार, दुपारी ३:०५

वहिनी, दंडवत. ड्यूटीवर मी हे शेकडो वेळा पाहिलंय आणि कधी लक्षात आलं नाही. बायकांना आत जास्त वेळ लागतो म्हणून आम्ही कुरकुर करायचो.

साताऱ्याचा_पेढा | सोमवार, दुपारी ४:४०

चिन्हावरून थोडं अवांतर. 'दाबलं तेच पडलं का' यापेक्षा 'दाबायचं होतं तेच दाबलं का' हा प्रश्न मोठा आहे. २०२४ च्या लोकसभेला आमच्या साताऱ्यात उदयनराजे ३२,७७१ मतांनी आले. शशिकांत शिंदेंचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मशीनवर एका अपक्षाला नुसती तुतारी मिळाली होती, तिला आपण पिपाणी म्हणतो. पिपाणीला ३७,०६२ मतं पडली. ती सगळी चुकून पडली असं कुणी सिद्ध करू शकत नाही, पण आकडे शेजारी ठेवून बघा. लाखोंच्या मतदारसंघात ही गत, तर नऊ मतांच्या गावात काय होत असेल?

माणदेशी_मेंढरू | सोमवार, संध्याकाळी ५:०१

आणि तुमच्या शेजारी सांगलीत त्याच वेळी अपक्षाचा लिफाफा निघाला. चिन्ह कुठलंही द्या, लोकांना शोधायचं असलं की शोधतात.

येरळाकाठ | सोमवार, रात्री ८:३०

@विट्याची_सून, यादी परत काढून बघितली. तुम्ही म्हणालात तसंच आहे. नवऱ्याच्या नावापुढची खूण, मग त्याखाली बायकोला तीच, आईला तीच, सुनेला तीच. काही ठिकाणी तर मी एकच लांब रेघ ओढलीय चार नावांना मिळून. माझ्या आईच्या नावापुढंही बरोबर. तिला विचारल्याचं आठवत नाही.

आज जेवताना विचारलं, "त्या वेळी सरपंचाला कुणाला टाकलंस?" आईनं ताटात आमटी वाढली. म्हणाली, "तुझ्या बापानं पन्नास वर्षांत इचारलं न्हाई." मग म्हणाली, "भाकरी दिऊ का अजून?"

म्हणजे ब्लोअर आपल्याच घरी बंद करायला पाहिजे होता की काय, देव जाणे.

@निवृत्त_सेवक, आभारी आहे. तीन वर्षांनी डोक्यात प्रकाश पडला.

खालची_आळी | सोमवार, रात्री ९:५५

ओळखलं गाव. गोठ्याशेजारची खोली म्हटल्यावरच ओळखलं.

भावा, लिहिलंस छान. ब्लोअरचं सांगितलंस, आता मोटरीचं पण सांग की लोकांना. का ते मी सांगू?

मंडळी, सरपंच आमचा, सदस्य आमचे तीन. त्यातली एक ताई अपात्र झाली. कशात? तिच्या सासऱ्यानं गायरानात जनावरांसाठी पत्र्याचं शेड मारलं होतं. ताई लग्न होऊन आली त्याच्या आधीचं शेड. तक्रार केली वरच्या आळीनं.

निवृत्त_सेवक | सोमवार, रात्री १०:०८

शासकीय जमिनीवर अतिक्रमण असलं की सदस्यत्व जातं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एकत्र राहणाऱ्या घरच्यांचं अतिक्रमणही त्यात आलं. त्यामुळं निकाल लागल्यावर हरलेलं पॅनल पहिलं काय करतं, तर जमिनीची मोजणी मागवतं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालंय का, घरपट्टी थकलीय का, गायरानात पाय पडलाय का, सगळं बघतात. मतपेटीत नाही जमलं ते कलेक्टर ऑफिसात.

खालची_आळी | सोमवार, रात्री १०:२०

बरोबर. तर आता आम्ही सरपंच धरून तीन. पोटनिवडणूक व्हायचीय. मासिक सभेच्या गणपूर्तीला चार लागतात. यांचे चौघं सभेच्या दिवशी पंचायतीसमोरच्या टपरीवर बसून चहा पितात. आत येत नाहीत. पाणीपुरवठ्याची मोटर जळून बारा दिवस झाले. कोटेशनं आलीत, मंजूर कोण करणार? आणि पाणी काय आळी बघून येत नाही, दोन्हीकडच्या बायका घागरी घेऊन मळ्यातल्या बोअरवर जातात. तुझी आई पण दिसली होती मला परवा.

आणि ब्लोअर बंद केलं ते घर माझ्या चुलत्याचं. तात्यांनी त्या वेळी मत तुम्हालाच टाकलं होतं.

विट्याची_सून | सोमवार, रात्री १०:२६

हे तुम्हाला कसं माहीत?

खालची_आळी | सोमवार, रात्री १०:२९

आमची पण यादी होती की. त्यांच्या नावापुढं आमची फुली आहे.

मिरजेचा_मास्तर | सोमवार, रात्री १०:४१

दोन्ही याद्यांत तात्या वरच्या आळीचे, आणि शिक्षा वरच्या आळीकडूनच. याला काय म्हणायचं?

येरळाकाठ | मंगळवार, सकाळी ७:१५

रात्री झोप लागली नाही. मोटरीचं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. आमच्या बाजूचं म्हणणं असं की तिन्ही कोटेशनं एकाच हातची आहेत. असतीलही. पण ते सभेत बसून म्हणता आलं असतं.

@खालची_आळी, तात्यांकडं गेलो होतो आत्ता. तीन वर्षं मी त्या गल्लीतनं गेलो नव्हतो, पलीकडच्या रस्त्यानं जायचो. ब्लोअरचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. गोठ्यात होते, वासराला पाजत होते. म्हणाले, "बस. आय बरी हाय का?" मी बसलो. मग द्राक्षावर बोललो, पावसावर बोललो. निघताना म्हणाले, "ती मोटर तेवढी करा बाबांनो."

खालची_आळी | मंगळवार, सकाळी ७:४०

सभा परवा आहे, अकराला. नोटीस लागलीय.

येरळाकाठ | मंगळवार, सकाळी ७:४४

माहितीय. आमच्यातल्या दोघांशी बोललो. एक येतो म्हणालाय. एकाला बायकोनं सकाळी घागर हातात दिली, तोही येईल असं वाटतंय. बाकीच्या दोघांचं सांगत नाही.

निवृत्त_सेवक | मंगळवार, सकाळी ८:०२

एक आला तरी गणपूर्ती होते. आणि तो विरोधात बोलला तरी हरकत नाही, इतिवृत्तात विरोध लिहून घ्यायला लावा. तिन्ही कोटेशनांची तुलना करून तक्ता मागा. मोटर किती एचपीची आहे?

खालची_आळी | मंगळवार, सकाळी ८:१०

साडेसातची. सबमर्सिबल.

माणदेशी_मेंढरू | मंगळवार, सकाळी ८:१३

नवीन घेण्याआधी रिवायंडिंगला टाकून बघा. बारा दिवस तशीच ठेवलीय का वर काढून?

येरळाकाठ | मंगळवार, सकाळी ८:१६

वर कुठं काढलीय. काढायला पण ठराव लागतो म्हणाले.